चायनीज डेमॉक्रसीत नक्की कोणाचे पैसे बुडाले?

जुना_कॅसेटवाला:
परवा एका मित्राने परत तेच टुमणं लावलं की गन्स एन रोझेस या अमेरिकन रॉक बँडचा चायनीज डेमॉक्रसी हा अल्बम म्हणजे रॉकच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फ्लॉप. माझं डोकंच फिरलं. ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी, 1993 च्या कव्हर गाण्यांच्या अल्बमनंतर बँडने नवीन अल्बमचं काम काढलं, मग गिटारवाला स्लॅश गेला, ड्रमर मॅट सोरमला काढलं, बासवाला डफ गेला, गायक ॲक्सल रोझ आणि कीबोर्डवाला डिझी रीड एवढेच जुने उरले, आणि अल्बम आला थेट 23 नोव्हेंबर 2008 ला. खर्च 1 कोटी 30 लाख डॉलरवर गेलाय असं न्यूयॉर्क टाइम्सने 2005 मध्येच छापलं होतं. हे सगळं मान्य. पण अमेरिकेत हा अल्बम एकट्या बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या साखळीच्या दुकानांत मिळत होता आणि बातम्यांनुसार बेस्ट बायने 13 लाख प्रती आगाऊ उचलल्या होत्या, त्याही परत न करण्याच्या बोलीवर. घाऊक भाव प्रत्येकी दहा डॉलर धरला तरी 1 कोटी 30 लाख झाले. म्हणजे पहिली सीडी विकली जायच्या आधी लेबलचा, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचा, खर्च वसूल! पडून राहिला तो माल बेस्ट बायच्या गोदामात. मग लेबलसाठी हा फ्लॉप कसा? मला तर हा त्या वर्षातला सगळ्यात शहाणा सौदा वाटतो.

ताळेबंद:
काका, तुम्ही विक्रीची रक्कम धरली आणि तिलाच वसुली म्हणताय. त्या दहा डॉलरातून छपाई गेली, वितरण गेलं, गीतकारांची रॉयल्टी गेली, मॅनेजमेंट वगैरे तर वेगळंच. आणि 1 कोटी 30 लाख हा आकडा 2005 चा आहे, अल्बम आला त्यानंतर साडेतीन वर्षांनी, मधे काय स्टुडिओवाले फुकट बसले होते का? 2001 मध्ये महिन्याचा खर्च 2 लाख 44 हजार डॉलर होता असं त्याच बातमीत आहे. महिन्याचा!! त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज कोणी धरतच नाही. 1998 मध्ये लेबलने ॲक्सलला 10 लाख डॉलर दिले, मार्च 1999 पर्यंत अल्बम हातात दिलास तर आणखी 10 लाख म्हणून गाजर दाखवलं, तरी काही नाही. 1998 ला घातलेला पैसा 2008 ला जसाच्या तसा परत आला तर त्याला कोणी नफा म्हणत नाही, निदान आमच्या ऑफिसात तरी नाही.

स्लॅशभक्त:
एवढी आकडेमोड कशाला. स्लॅश नाही तर गन्स नाही. विषय संपला.

गौरी_डी:
विषय संपला नाहीये भाऊ, सुरू झालाय. मी मार्केटिंगमध्ये काम करते त्यामुळे मला वेगळंच दिसतं. कॅसेटवाले काका ज्याला शहाणा सौदा म्हणतायत ना त्यानेच अल्बम मारला. दुकानाने पैसे आगाऊ मोजले आणि माल परत येणार नाही म्हटल्यावर लेबलला पुढे एक डॉलरसुद्धा प्रचारावर घालायची गरजच काय? त्यांचा हिशोब मिटला. आता विकायची जबाबदारी बेस्ट बायची, आणि त्यांच्या दृष्टीने सीडी म्हणजे गिऱ्हाईक आत खेचायचं निमित्त, खरा धंदा टीव्ही लॅपटॉपचा. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी अल्बम आणला तो यासाठीच, शुक्रवारी ब्लॅक फ्रायडेच्या सेलची गर्दी होणार होती. हे दुकानासाठी ठीक आहे पण अल्बमसाठी? एकाही गाण्याचा अधिकृत व्हिडिओ आला नाही. रिलीजच्या वेळी ॲक्सलची मुलाखत नाही. टूर सुरू झाली डिसेंबर 2009 मध्ये, तैपेईपासून, म्हणजे अल्बम येऊन वर्ष उलटल्यावर! असं कोण करतं?

आणि हीच ट्रिक इतरांनी पण केली होती हे विसरू नका. ईगल्सनी 2007 मध्ये एकट्या वॉलमार्टला अल्बम दिला, पहिल्या आठवड्यात 7 लाख 11 हजार. एसी/डीसीने ऑक्टोबर 2008 मध्ये तेच केलं, 7 लाख 84 हजार, आणि ते त्याच महिन्यात टूरवर पण निघाले. गन्सना मिळाले 2 लाख 61 हजार, चार्टवर तिसरा नंबर, कान्ये वेस्ट आणि टेलर स्विफ्टच्या खाली. दुसऱ्या आठवड्यात 57 हजार आणि थेट अठरावा नंबर. सौदा तोच, फरक फक्त मागे उभं राहायला कोणी होतं की नव्हतं याचा.

बोरिवली_फास्ट:
गौरीताई +१. आणि डॉ पेपरचा तमाशा कोणी काढला नाही अजून 😂 मार्च 2008 मध्ये त्या कोल्ड्रिंक कंपनीने जाहीर केलं की या वर्षात अल्बम आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट, स्लॅश आणि बकेटहेड हे दोन माजी गिटारिस्ट सोडून. त्यांना वाटलं असणार हा काय येत नाही. आणि आला की राव! मग त्यांनी काय करावं, एका दिवसाचं कुपन ठेवलं साईटवर, सगळे एकदम तुटून पडले, साईट झोपली, लोक वैतागले, मुदत वाढवावी लागली, आणि ॲक्सलच्या वकिलाने उलट कंपनीलाच नोटीस पाठवली की मोठमोठ्या पेपरांत पानभर माफी छापा म्हणून. म्हणजे रिलीजच्या आठवड्यात या अल्बमबद्दल सगळ्यात जास्त छापून आलं ते काय तर कोल्ड्रिंक. गाण्यांबद्दल कोण बोलणार मग. मला स्वतःला अल्बम आवडतो, स्ट्रीट ऑफ ड्रीम्स आणि बेटर अजून ऐकतो, कोणाला हसायचं तर हसा.

नागपुरी_तडका:
मले एक सांगा, लेबलले का बरं शिव्या देऊन राहिले सगळे? दहा वर्षं पैसे त्यांनीच मोजले ना. एकामागून एक प्रोड्युसर बदलले, बकेटहेडसाठी स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं बांधलं, तयार गाणी परत परत नव्या लोकांकडून वाजवून घेतली. 2004 मध्ये लेबलनं शेवटी लिहून कळवलं का बजेट कवाच पार झालंय, आता पूर्ण करायचा तर ॲक्सलनं आपल्या पैशानं करावा. अन् त्याच वर्षी त्याईनं ग्रेटेस्ट हिट्स बाजारात आणला, ॲक्सल, स्लॅश अन् डफ तिघंही कोर्टात गेले थांबवाले, तरी आला, अन् एकट्या अमेरिकेत पन्नास लाखांच्या वर गेला. बँडचा काडीचा प्रचार नसताना! आता बोला. प्रचार नाही म्हणून चायनीज डेमॉक्रसी पडला हे कसं मानायचं? लोकाईले जुनी गाणीच पाहिजे होती, नवी नाही.

गौरी_डी:
जुन्या गाण्यांचा प्रचार 1987 पासून रेडिओ आणि एमटीव्हीवर झालेलाच होता की. ती गाणी लोकांना पाठ होती. नवीन अल्बमला ते कुठून मिळणार?

जुना_कॅसेटवाला:
नागपुरीभाऊंनी माझंच काम सोपं केलं. ग्रेटेस्ट हिट्सने लेबलची तिजोरी 2004 लाच भरली. जीएनआर, म्हणजे गन्स एन रोझेस, हे एक खातं म्हणून बघितलं तर लेबल कधी तोट्यात नव्हतंच, पहिला अल्बम आजही विकला जातो. चायनीज डेमॉक्रसी हा त्या खात्यावरचा एक महागडा हट्ट, तोही बेस्ट बायच्या पैशाने फिटला.

ताळेबंद:
परत गोल फिरून तिथेच. एका अल्बमचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यात दडवायचा असेल तर जगात काहीच फ्लॉप नाही.

बरं एक मुद्दा कोणी घेतला नाही, तो म्हणजे ॲक्सलला काय मिळालं. रेकॉर्डिंगचा खर्च साधारणपणे कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता होतो, म्हणजे एवढा खर्च फिटेपर्यंत गायक म्हणून त्याला या अल्बमचा छदामही मिळायचा नाही. पण गाणी लिहिल्याची रॉयल्टी वेगळी असते, ती सहसा या खर्चात वळती होत नाही. 2008 मध्ये अमेरिकेत कायद्याने ठरलेला दर होता एका गाण्याला प्रत्येक प्रतीमागे 9.1 सेंट, पाच मिनिटांच्या वरच्या गाण्याला थोडा जास्त. अल्बमवर 14 गाणी. करारात हा दर बऱ्याचदा पाऊणावर आणतात आणि गाण्यांच्या संख्येवर पण मर्यादा घालतात, आणि गाणी पाच सहा जणांत वाटलेली, पण तरी गीतकार म्हणून खिशात काहीतरी पडतं. मजा म्हणजे एकच माणूस गायक म्हणून कर्जात आणि गीतकार म्हणून फायद्यात असू शकतो. म्हणून "अल्बमला नफा झाला का" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कोणाच्या वहीत बघताय ते सांगा.

बोरिवली_फास्ट:
आणि तिसरी वही म्हणजे टूर! स्लॅश आणि डफ जाताना बँडचं नाव ॲक्सलकडे राहिलं होतं. त्या नावावर तो 2001 पासून फिरत होता. पण नुसती जुनी गाणी घेऊन फिरला असता तर लोक म्हणाले असते स्वतःच्याच बँडची नक्कल करतोय. नवा अल्बम आल्यावर निदान सांगता येतं की बँड जिवंत आहे. डिसेंबर 2012 मध्ये बंगळुरू, मुंबई, दिल्ली केलं तेव्हा बीकेसीला मी होतो, नवीन गाण्यांना पण पुढच्या रांगेत लोक गात होते.

स्लॅशभक्त:
पुढच्या रांगेत. बाकीचे स्वीट चाइल्ड या जुन्या गाण्याची वाट बघत होते, मी मागे होतो मला विचारा. आणि खरा पैसा कधी आला? 2016 ला स्लॅश आणि डफ परत आल्यावर. तीन साडेतीन वर्षांत 58 कोटी डॉलरच्या वर तिकिटं विकली गेली. हे मी पहिल्याच ओळीत सांगितलं होतं.

गौरी_डी:
आता हे ऐका, मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. रिलीजच्या वेळचा मॅनेजर आयर्विंग अझॉफ, ईगल्सचा वॉलमार्ट सौदा केला तोच. 2010 मध्ये त्याने ॲक्सलवर जवळपास 20 लाख डॉलरच्या कमिशनचा दावा लावला. ॲक्सलने उलट 50 लाखांचा दावा ठोकला, आणि त्यातला आरोप काय, तर अझॉफने अल्बमची विक्री मुद्दाम बिघडवली, कारण त्याला जुने मेंबर्स परत आणून मोठी टूर करायची होती. पुढच्या वर्षी प्रकरण आपसात मिटलं. आरोप खरा होता असं मी म्हणत नाही, कोर्टात काही सिद्ध झालं नाही. पण धंद्याच्या नजरेने बघा, अल्बम जोरात चालला असता तर ॲक्सलला स्लॅशची गरजच उरली नसती. सगळ्यात मोठी कमाई करायला हा अल्बम पडणंच सोयीचं होतं.

जुना_कॅसेटवाला:
हा कट बिट मला पटत नाही. साधं कारण आहे, सीडीचा बाजारच तेव्हा कोसळत होता, सप्टेंबरात लेहमन बँक बुडाली, बेस्ट बायचा प्रतिस्पर्धी सर्किट सिटी दिवाळखोरीत गेला तो त्याच नोव्हेंबरात. त्यात अर्धा अल्बम जूनमध्ये एका ब्लॉगरने लीक केला, एफबीआयने त्याला अटक पण केली, आणि रिलीजच्या तीन दिवस आधी मायस्पेस या साईटवर सगळा फुकट ऐकायला ठेवला. घ्यायचा कोणी आणि का?

गौरी_डी:
त्याच सप्टेंबरात मेटॅलिकाने तीन दिवसांत 4 लाख 90 हजार विकले काका. बाजार तोच, मंदी तीच, त्यांचा अल्बम पण रिलीजच्या आधी फुटला होता. पण ते चौघं मुलाखती देत होते, व्हिडिओ करत होते, स्टेजवर होते.

ताळेबंद:
मंदीचा मुद्दा तर असाही काकांच्या विरोधात जातो. तीच सीडी 2000 मध्ये आली असती, जेव्हा अमेरिकेत सीडीचा धंदा शिखराजवळ होता, तर तेवढ्याच प्रचारावर किती गेली असती? उशिराची किंमत स्टुडिओच्या बिलात दिसत नाही, ती या न विकल्या गेलेल्या प्रतींत आहे. तो आकडा कोणी मांडत असेल तर मी बसतो एक्सेल घेऊन, नाहीतर तुमचे ते दहा डॉलर गुणिले 13 लाख मला परत दाखवू नका.

नागपुरी_तडका:
2000 मध्ये आला असता तर बेस्ट बायनं 13 लाख आगाऊ कायले उचलले असते? दहा वर्षांची वाट अन् त्याची चर्चा, हेच तर विकलं त्याईनं दुकानाले.

जुना_कॅसेटवाला:
हे बघा, एक तरी माणूस माझ्या बाजूने आला.

नागपुरी_तडका:
तुमच्या बाजूनं नाही काका. दुकानाले विकलं म्हणलं म्या, ऐकणाऱ्याले नाही.