मदत हवी आहे: देवासमोर नीतिमान (निर्दोष) ठरणं फक्त विश्वासाने की आज्ञापालनानेही?
सर्वांना प्रभूमध्ये सलाम, आठवडाभर एकाच ठिकाणी अडकलेय. रोमकरांस पत्र 3:28 मधे पौल म्हणतो माणूस नियमशास्त्राच्या कर्मांशिवाय विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि याकोब 2:24 मधे नेमकं उलट, केवळ विश्वासाने नाही! त्यात दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात, उत्पत्ती 15:6 चंच वचन (त्याने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं), फक्त पौल सुंतेच्या आधीचा अब्राहाम दाखवतो आणि याकोब इसहाकाला वेदीवर ठेवणारा. मला वाटतं आज्ञापालन हे फळ आहे, मूळ नाही, पण मग मत्तय 7:21 (मला 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येकजण नाही, तर पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणाराच स्वर्गाच्या राज्यात जाईल) वाचलं की भीती वाटते. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात रोम 3:28 ला 'केवळ' शब्द घातला तो बरोबर होता का? कोणी नीट समजावून सांगेल का प्लीज, रविवारी बायबल स्टडीत मलाच बोलायचंय.