खोल समुद्रातल्या खेकड्याच्या पायांचा आवाज कुणी ऐकला?

रंकाळाकाठ

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. गेल्या शनिवारी शेवटचे दोन तास मोकळे मिळाले, म्हणून समुद्रातील जीवसृष्टीवरचा एक माहितीपट मुलांना प्रोजेक्टरवर दाखवला. गगनबावड्याहून करूळ घाट उतरला की कोकण सुरू होते, तरीही माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी समुद्र अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही, त्यामुळे एरवी चुळबुळ करणारी मुलेही जागची हलत नव्हती.

त्यात एक प्रसंग असा होता की, मेलेल्या देवमाशाचे धूड समुद्राच्या तळाशी पडले आहे आणि भोवतालच्या काळोखातून खेकडे व इतर जीव येऊन त्याचे लचके तोडत आहेत. खेकड्यांच्या पायांची टकटक, मांस फाटल्याचा आवाज, चिखल उडाल्याचा आवाज, सगळे अगदी कानाशी घडत असल्यासारखे ऐकू येत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, एवढ्या खाली माईक कुणी नेलता?" वर्ग हसला, पण मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन तो प्रसंग मी पुन्हा दोनदा पाहिला आणि त्या मुलाची शंका मला अधिकच पटली.

माझी अडचण अशी आहे की, न घेतलेले वाचन प्रयोगवहीत कुणी लिहिले तर मी त्यावर लाल रेघ मारतो. मग जो आवाज कुणी ऐकलेलाच नाही, तो निसर्गाचे निरीक्षण म्हणून मी मुलांपुढे कसा ठेवावा? हे आवाज खरोखर कसे तयार होतात आणि समुद्रात प्रत्यक्ष काय ऐकू येते, हे जाणकारांनी समजावून सांगितले तर पुढच्या शनिवारी त्या मुलाला नीट उत्तर देता येईल.

करवीर_ध्वनी

सर, तुमच्या विद्यार्थ्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी चित्रपट आणि माहितीपटांसाठी ध्वनीचे काम करतो, म्हणून या कामाच्या बाजूने सांगतो. तुम्ही वर्णन केलेल्या प्रसंगातले आवाज जवळजवळ नक्कीच नंतर स्टुडिओत तयार केलेले असणार. या कामाला आम्ही फोली म्हणतो. हॉलिवूडमध्ये बोलपटांच्या सुरुवातीच्या काळात हे तंत्र रुळवणाऱ्या जॅक फोली यांच्यावरून ते नाव पडले. समोर चित्र चालू असते आणि त्याच्या लयीत हातातल्या वस्तूंनी आवाज काढायचे असतात. मी स्वतः हाड मोडल्याचा आवाज उसाच्या कांडीतून काढलेला आहे, आणि खेकड्याच्या चालण्यासाठी नारळाच्या करवंटीचे तुकडे दगडी फरशीवर टेकवले आहेत. पाण्याच्या हालचालीसाठी टबात हात फिरवून, कधी पाण्यातच हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखाली चालणारा माईक, सोडून ध्वनिमुद्रण करतात.

असे का करावे लागते, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. कॅमेऱ्याच्या भिंगाने दूरची वस्तू जवळ आणता येते, माईकला तशी सोय नाही. पाणबुड्या छायाचित्रकाराजवळ माईक दिला तर त्यात त्याच्याच श्वासाचे बुडबुडे भरून राहतात, आणि खोल समुद्रात कॅमेरा नेणाऱ्या दूरनियंत्रित यानाच्या पंख्यांची घरघर तर त्याहून मोठी असते. त्यात शिकारीची उडी सेकंदाला शेकडो चित्रचौकटींच्या वेगाने टिपून संथ दाखवलेली असेल, तर त्या क्षणाचा खरा आवाज मिळाला असता तरी लावता आला नसता, कारण चित्राबरोबर ताणला की तो ओळखू येणार नाही असा घोगरा होऊन जातो.

आणखी एक गोष्ट अशी आहे की, पाण्याखाली माणसाला दिशाच कळत नाही. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकताना आम्ही एक खेळ खेळत असू. एकाने पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटायचे आणि दुसऱ्याने डोके बुडवून, डोळे मिटून, आवाज कोणत्या बाजूने आला ते सांगायचे. ते कुणालाच सांगता येत नसे. आवाज आपल्याच डोक्यात झाल्यासारखा वाटे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. डाव्या आणि उजव्या कानाला आवाज पोहोचण्यात जो सूक्ष्म फरक असतो, त्यावरून आपला मेंदू दिशा ठरवतो, आणि पाण्यात तो फरक एक चतुर्थांशाहूनही कमी उरतो. त्यामुळे माहितीपटात मासा डावीकडून उजवीकडे गेला आणि त्याच्याबरोबर आवाजही सरकला, तर तो अनुभव हवेत बसून ऐकणाऱ्या कानांसाठी रचलेला आहे हे निश्चित समजावे. पोहण्याच्या तलावावर मुलांकडून हा दगडांचा प्रयोग अवश्य करून घ्या.

१९३२ साली प्रभातचा पहिला मराठी बोलपट ज्या गावात तयार झाला, त्या गावातला मी ध्वनीचा माणूस आहे, त्यामुळे आवाज रचण्याच्या कलेविषयी मला मनापासून आदर वाटतो. परंतु ती रचना आहे हे प्रेक्षकाला माहीत असले पाहिजे, असेही माझे ठाम मत आहे.

काठावरचा

मला वरचे स्पष्टीकरण पटले, पण समाधान झाले नाही. चित्रपटात नायकाच्या बुटांचा आवाज नंतर लावला तर कुणाची फसवणूक होत नाही, कारण ती गोष्ट आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. माहितीपट मात्र 'हे असेच आहे' असे म्हणून आपल्यापुढे येतो. सरांनी मुलांना असे माहितीपट दाखवण्याऐवजी श्मिट ओशन इन्स्टिट्यूटसारख्या संशोधन संस्थांची थेट प्रक्षेपणे दाखवावीत असे मी सुचवेन. त्यांच्या यानाने टिपलेले दृश्य यूट्यूबवर जसेच्या तसे दिसते आणि आवाज असतो तो फक्त जहाजावर बसलेल्या शास्त्रज्ञांच्या बोलण्याचा. एखादा प्राणी ओळखता आला नाही की ते तसे सांगतात आणि आपसांत चर्चा करतात. आठवीच्या मुलांनी ते ऐकण्यासारखे आहे.

सागरगोटा

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. थेट प्रक्षेपणाची सूचना उत्तम आहे, पण त्यातून समुद्र मुका असल्याचा समज होऊ नये एवढीच काळजी घ्यावी.

प्रथम त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण त्याला खरोखर उत्तर आहे: माईक खाली नेलेला आहे, आणि जितके खोल जाता येते तितका खोल नेलेला आहे. २०१५ साली समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या आणि ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेच्या चॅलेंजर डीप या सर्वांत खोल भागात, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर खाली, हायड्रोफोन सोडला. तिथे पाण्याचा दाब पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असतो, म्हणून त्याचे कवच टायटॅनियमचे केले होते. त्याने तीन आठवड्यांहून अधिक काळ ध्वनिमुद्रण केले. तिथे संपूर्ण शांतता असेल अशी अनेकांची कल्पना होती. प्रत्यक्षात जवळच्या आणि दूरच्या भूकंपांची गडगड, देवमाशांचे आवाज, वरून गेलेल्या चक्रीवादळाचा घोंघाट आणि जहाजांच्या पंख्यांचा आवाज, असे सगळे त्यात आले. हे ध्वनिमुद्रण नोआने सर्वांसाठी खुले केले आहे. खेकड्याच्या पायांची टकटक काही त्यात नाही, पण मुलांना ऐकवण्यासारखे मी याहून चांगले काही सुचवू शकणार नाही.

उथळ पाण्यात तर फारच गलबला असतो. उष्ण कटिबंधातील खडकाळ किनाऱ्यांवर पिस्तूल कोळंबी नावाची बोटाएवढी कोळंबी राहते. तिची एक नांगी मोठी असते आणि ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याची धार उडून मागे पोकळीचा बुडबुडा तयार होतो. 'टक्' असा आवाज नांगीचा नसून तो बुडबुडा कोसळल्याचा आहे, हे २००० साली अतिवेगवान चित्रणातून सिद्ध झाले. अशा हजारो कोळंब्या एकाच वेळी टकटक करत असतात. आपल्याकडच्या मत्स्यप्रेमींना ठाऊक असलेला घोळ मासाही आवाज काढणाऱ्या कुळातला आहे. ज्या पिशवीसाठी, म्हणजे भोतासाठी, त्याला एवढा भाव मिळतो, तिच्या लगतचे स्नायू थरथरवून या कुळातले मासे ढोलासारखा आवाज काढतात.

उलट, निळ्या देवमाशाचा आवाज बराचसा इतक्या खालच्या पट्टीत असतो की तो माणसाला जेमतेम ऐकू येतो किंवा येतच नाही, त्यामुळे तो ऐकवताना बहुधा वेग वाढवून ऐकवतात. म्हणजे मूळ ध्वनी खरा असला तरी तो आपल्या कानांच्या मापाने बेतलेला असतो. रंगांचेही तसेच आहे. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि १००० मीटरांच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचतच नाही. खोल पाण्यातले लालभडक झिंगे यानाच्या दिव्यात लाल दिसतात, पण त्यांच्या शेजाऱ्यांना ते काळोखाचाच भाग वाटतात, आणि तो लाल रंग त्यांना उपयोगी पडतो तो त्यामुळेच.

या दिव्यांचा आणि घरघरीचा प्राण्यांवर काय परिणाम होतो, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. महाकाय माकूळ, ज्याला जायंट स्क्विड म्हणतात, खोल समुद्रात जिवंत असताना कितीतरी वर्षे चित्रित करता येत नव्हता. एडिथ विडर या शास्त्रज्ञ बाईंचे म्हणणे होते की, आपण गोंगाट करत, दिवे लावून जातो म्हणून तो पळतो. त्यांनी आवाज न करणारा, त्या प्राण्यांना न दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशावर चालणारा कॅमेरा पाण्यात सोडला आणि आमिष म्हणून चमकणाऱ्या जेलीफिशची नक्कल करणारे निळे दिवे लावले. २०१२ साली जपानच्या ओगासावारा बेटांजवळ तो त्या कॅमेऱ्यासमोर आला.

मालवणची_माहेरवाशीण

मी लग्नानंतर कोल्हापुरात आले, माहेर मालवणचे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माहेरी गेले असताना भावाच्या आग्रहाने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला स्कूबा डायव्हिंग केले. सात-आठ मीटरच खाली गेले असेन. सागरगोटा सरांनी सांगितलेली कोळंब्यांची टकटक मी ऐकली आहे, फक्त ती कशाची हे मला आज कळले. तापलेल्या तेलात मोहरी टाकल्यावर जशी तडतड होते, तशी ती सगळीकडून अखंड चालू होती आणि मला ती माझ्याच उपकरणातला बिघाड वाटली होती. माझ्या मनगटावरचा लाल धागा तिथे काळपट तपकिरी दिसत होता, तेही आठवते.

पण मला सर्वांत जास्त ऐकू आला तो बोटींच्या इंजिनांचा आवाज. किल्ल्याकडे जाणारी प्रत्येक होडी डोक्यावरून जाते आहे असे वाटायचे. वर आल्यावर पाहिले तर ती कितीतरी लांब असायची. लहानपणापासून समुद्राकाठी वाढूनही पाण्याखाली आपला एवढा आवाज पोहोचत असेल, असे मनात आले नव्हते. मी आजवर पाहिलेल्या एकाही माहितीपटात मासे पोहत असताना मागे इंजिन ऐकलेले नाही. त्यामुळे मला असे वाटते की खेकड्याच्या पायांचा आवाज घातला यापेक्षा बोटीचा आवाज काढून टाकला, ही मुलांना सांगण्याजोगी मोठी गोष्ट आहे. माझ्या भावाने त्या दिवशी छोट्या कॅमेऱ्यावर चित्रण केले होते. सरांना हवे असल्यास त्याच्याकडून मागवून देईन. गाणे लावण्यासाठी तो आवाज काढून टाकायचा म्हणत होता, अजून काढला नसेल तर बरे.

सागरगोटा

ताईंचे निरीक्षण मोलाचे आहे आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ले झाल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या बे ऑफ फंडी या आखातातील जहाजांची वाहतूक एकदम घटली आणि पाण्यातला आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरला. त्याच सुमारास तिथल्या राइट व्हेल जातीच्या देवमाशांच्या विष्ठेचे नमुने गोळा करण्याचे काम चालू होते. त्या दिवसांतल्या नमुन्यांत ताण दाखवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण कमी आढळले, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे. जहाजांचा आवाज आणि देवमाशांची साद एकाच खालच्या पट्टीत येतात. काळोख्या पाण्यात देवमाशाला पिलाचा किंवा सोबत्याचा ठावठिकाणा बहुतांशी आवाजानेच लागतो, त्यामुळे गोंगाट वाढला की त्यांचे एकमेकांना ऐकू येण्याचे अंतर कमी होते.

रंकाळाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या शनिवारचा बेत मी असा केला आहे: देवमाशाचा तोच प्रसंग आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवायचा आणि तिथे काय ऐकू येत असेल असे वाटते, ते मुलांकडून वहीत लिहून घ्यायचे. मग तोच प्रसंग आवाजासह दाखवून ऊस आणि करवंटी वर्गातच वापरून पाहायची, आणि त्यानंतर चॅलेंजर डीपचे ध्वनिमुद्रण ऐकवायचे. माहितीपट दाखवणे मी थांबवणार नाही, कारण तो प्रसंग पाहिला नसता तर हा प्रश्नही त्या मुलाला पडला नसता. परंतु थेट प्रक्षेपणही दाखवीन. दगडांच्या प्रयोगासाठी पोहता येणाऱ्या मुलांच्या पालकांची परवानगी मागितली आहे.

ताई, आपल्या भावाचे चित्रण कृपया मागवून द्या. त्यांना एवढेच सांगा की, त्यातले काहीही कापू नये, इंजिनाचा आवाज तर मुळीच नको.