‘लाइन’ने मराठीतले किती शब्द गिळले?

बोरूबहाद्दर: रेशनला लाइन. वीज गेली की लाइन गेली. फोन लागेना, लाइन बिझी. पोरगी आवडली, मारली लाइन. पोरगं बिघडलं, आणा लाइनवर. कामधंदा विचारायचा तर ‘कुठल्या लाइनमध्ये आहात?’ रांग, ओळ, रेघ, तार, पेशा असे शब्द घरात असताना सगळा संसार एकाच शब्दावर! हा निव्वळ आळस आहे. सावरकरांनी दिलेले महापौर, दिग्दर्शक रुळलेच ना?

थ्रीफेज: अहो, एकदा शेतावर या. आमच्याकडे लाइट म्हणजे घरातला बल्ब आणि लाइन म्हणजे थ्री फेज. घरात दिवे लागलेले असतानाही आम्ही विचारतो, ‘लाइन आली का?’ कारण सिंगल फेजवर बल्ब पेटतो, विहिरीवरची मोटर उठत नाही. ‘वीज आली’ म्हटलं तर आई आभाळाकडे बघेल. या आठवड्यात लाइन रात्रीची आहे. हातात बॅटरी, काठी घेऊन पाणी धरायला जायचं, त्यात बिबट्याची धास्ती. यात आळस कुठला?

कर्जत_स्लो: मुंबईत स्थळ आलं की पगाराच्या आधी विचारतात, ‘कुठली लाइन?’ सेंट्रलवाल्यांची मुलगी वेस्टर्नला द्यायची म्हणजे जन्मभर दादरचा पूल. ‘लाइन क्लिअर’ तर रेल्वेत चक्क परवानगी असते. पुढच्या स्टेशनाने ती दिल्याशिवाय गाडी सुटत नाही. घ्या आता, ‘मार्ग मोकळा’ म्हणा आणि बघा स्टेशन मास्तर काय म्हणतो.

सुईदोरा: सगळे सोयीचे अर्थ मोजताय. बोरूबहाद्दर, ‘पोरगी आवडली, मारली लाइन’ हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! क्लासपासून घरापर्यंत सायकलच्या मागे मोटरसायकल, गल्लीच्या तोंडाशी उगाच हॉर्न, याला लाइन मारणं म्हणतात. मुलीने मान वर करून बघितलं तर ‘लाइन देते’. पाठलागाला कायद्यात 2013 पासून स्वतंत्र कलम आहे, कट्ट्यावर मात्र अजून लाइनच.

कट्टेकरी: ताई, एवढं मनावर घेऊ नका. कॉलेजातली गंमत असते ती.

सुईदोरा: गंमत कुणाची, दादा?

गवंड्याचा_नातू: मुद्दा पटला ताई, तो अर्थ गेला तर मी रडणार नाही. पण बोरूबहाद्दरांचा आळसाचा आरोप मान्य नाही. आमच्या धंद्यात लाइनदोरी असते. भिंतीच्या दोन टोकांना खिळे, मध्ये ताणलेली दोरी, तिला धरून विटेचा थर. वीट दोरीबाहेर गेली की मिस्त्री ओरडतो, ‘लाइन बघ!’ गंमत म्हणजे लॅटिनमधला मूळ ‘लिनिया’ शब्द जवसाच्या धाग्याचाच. लिननचं कापड त्याच घरातलं. म्हणजे आमच्या लाइनदोरीत एकच वस्तू दोनदा आलीय. पोलीस लाइन, नागपूरचं सिव्हिल लाइन्स, मुंबईचं मरीन लाइन्स यांतली लाइन आणखी वेगळी. ती मुळात छावणीतल्या बराकींच्या ओळींची. मरीन लाइन्सला एके काळी मरीन बटालियन होती, म्हणून ते नाव. लष्कर, रेल्वे, वीज, टेलिफोन, प्रत्येकाने आपापली लाइन आणली. आपण फक्त सगळ्या ठेवून घेतल्या.

बोरूबहाद्दर: यंत्राबरोबर आलेल्या शब्दाशी माझं भांडण नाही. थ्री फेज तुमची, दोरी तुमची. माझं दुखणं रांगेचं आहे. रांग लावायला कुठलं यंत्र लागतं? देवळाबाहेर पाटी ‘दर्शन रांग’ आणि तिच्याखाली उभा राहून माणूस विचारतो, ‘लाइन कुठून सुरू होते?’ याचं समर्थन करून दाखवा.

चंद्रभागा: पंढरपूरला या मग. तिथे रांगही नाही आणि लाइनही नाही, बारी आहे. दर्शनबारी. आषाढीला ती मंदिरापासून पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. तिथे उभा असलेला माणूस ‘बारीत आहे’ असंच सांगतो. लाइनची हिंमत झालेली नाही.

थ्रीफेज: बारी झकास. पण फोनवर घरी काय सांगतात? ‘नंबर लावलाय.’

बोरूबहाद्दर: नंबरवर वेगळा धागा काढतो.