सीपी असलेल्या लेकीची थेरपी: चेंडूवरचा व्यायाम की लाडवांचा डबा?

कृष्णाकाठ:
लेक साडेचार वर्षांची, तिला सीपी म्हणजे सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी). बत्तिसाव्या आठवड्यातला जन्म, स्पास्टिक डायप्लेजिया (मुख्यतः पाय ताठ राहणारा प्रकार), जीएमएफसीएस पातळी तीन (हालचालीच्या क्षमतेच्या पाच पातळ्या, एक सर्वांत सौम्य). म्हणजे वॉकर धरून चालते. गेली अडीच वर्षं आठवड्यातून तीनदा कराडहून साताऱ्याला नेतोय. तिथे एनडीटी (न्यूरो-डेव्हलपमेंटल थेरपी) करतात, बोबाथ पती-पत्नींनी १९४०च्या दशकात लंडनमध्ये सुरू केलेली. मोठ्या चेंडूवर पालथं घालून कंबर धरायची, वजन इकडून तिकडे न्यायचं, पायांचा ताठपणा उतरवायचा. पाऊण तास. गाडीत बसेपर्यंत पायांची पुन्हा कात्री!

मागच्या महिन्यात आजोळी तिने फडताळातला लाडवांचा डबा काढायचाच असा हट्ट धरला. नऊ दिवस पडली, चिडली. दहाव्या दिवशी एका हाताने कडी धरून उभी राहिली आणि दुसऱ्याने डबा ओढला. (आत शेव निघाली, ते सोडा.) माझं मत झालंय की तिला जे काम करायचंय त्याचाच सराव करून घ्यावा, तोही घरातच. ऑस्ट्रेलियाच्या इओना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली सीपीच्या उपचारांना सिग्नलचे रंग दिले. त्यात अशा सरावाला हिरवा आहे, जुन्या एनडीटीला नाही. साताऱ्याच्या खेपा बंद करतोय. कुणाचा विरोध?

फिजिओ_ताई:
माझा. एकोणीस वर्षं लहान मुलांबरोबर काम करतेय. कडी धरून उभी राहिली ती कंबर सावरता येते म्हणून, आणि ते दहाव्या दिवशी आकाशातून पडलं नाही. आजची एनडीटी नुसती हाताळणी नसते, आम्हीही खेळ आणि कामं घेतो. शिवाय ‘घरीच सराव’ म्हणजे कोणी करून घ्यायचा? बहुतेक घरांत आईने. तिच्या वेळेचा हिशोब तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

कृष्णाकाठ:
आईचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून राहिलाच. पण ताई, अडीच वर्षांत तिथे एकदाही जीएमएफएम (हालचालींची क्षमता मोजायची चाचणी) करून मोजलं नाही. ‘छान प्रगती आहे’ एवढंच. न मोजता ती कंबर कोणी सावरली हे कसं ठरवायचं?

फिजिओ_ताई:
न मोजणं चूकच. त्याचं समर्थन करणार नाही. पण एक केंद्र मोजत नाही म्हणून पद्धत फेकून देऊ नका.

सुपारीचं_खांड:
एवढा वाद कशाला? हायपरबेरिक (जास्त दाबाखालचा) ऑक्सिजन द्या. माझ्या भाच्याची चाळीस सिटिंग झाली, मान धरायला लागला.

चष्मेबद्दूर:
दादा, भाच्याचा आनंद खराच आहे. पण याच प्रश्नावर कॅनडात १११ मुलांवर चाचणी झाली, २००१मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चाळीसच सिटिंग. निम्म्यांना दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा. सुधारणा दोन्ही गटांत झाली आणि सारखीच झाली. मग पैसे ऑक्सिजनचे कशाला मोजायचे? कोणीतरी स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) उपचारावर येईलच, म्हणून आधीच सांगतो: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत सीपी मान्य उपचारांच्या यादीत नाही.

सुपारीचं_खांड:
चाचण्या तुमच्यापाशी ठेवा. आमचं पोर आमच्या डोळ्यांसमोर आहे.

चाकावरची:
मला सीपी आहे, वय चौतीस. तुम्ही सगळे ‘कसं’ यावर भांडताय. चौदा वर्षांची होईपर्यंत शाळा सुटली की रोज व्यायाम. चार पावलं सुंदर टाकावीत म्हणून मैत्रिणींच्या वाढदिवसांना गेले नाही. कॉलेजात पहिली व्हीलचेअर मिळाली आणि कोणाचा हात न धरता लायब्ररीत पोचले, तेव्हा मी घरच्यांवर आठवडाभर चिडले होते. इतकी वर्षं ती का दिली नाही म्हणून. कृष्णाकाठ, तुमचं डब्याचं मला पटतं, कारण तो डबा तिला हवा होता. पण उद्या ‘वॉकर सोडणं’ हे काम तुम्ही तिच्या नावावर टाकाल, तेव्हा माझी आठवण काढा.

फिजिओ_ताई:
हे वाचून थांबले. माझ्याकडची दोन मुलं आठवली.

निळी_फाइल:
माझा मुलगा पातळी चारचा आहे. एकच विचारते. खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला? मेलबर्नच्या अभ्यासात पातळी एकमध्ये खुबा सरकण्याचं प्रमाण शून्य होतं, पाचमध्ये ९० टक्के, आणि तुमच्या तीनमध्ये ४१. आधी दुखत नाही, म्हणून कळतही नाही. चेंडू असो की डबा, व्यायामाने खुबा जागेवर राहील या भरवशावर राहू नका. आमचा उशिरा कळला, शस्त्रक्रिया मोठी झाली.

कृष्णाकाठ:
एक्स-रेला दोन वर्षं होऊन गेली. कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मंगळवारी हाडाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. साताऱ्याला आता महिन्यातून दोनदाच जाणार, तेही जीएमएफएम करून देणार असतील तर. लेकीला विचारलं, पुढे काय शिकायचं? म्हणाली, आजीने लाडू वरच्या कप्प्यात ठेवलेत.

फिजिओ_ताई:
वरचा कप्पा तिच्या खांद्याच्या वर असेल तर घाई नको. कडीची उंची मोजून इथे टाका, बघते.