आयनांबराला भूकंपाची ‘चाहूल’ लागते का?

एका लेखात वाक्य वाचलं, ‘आयनांबरातल्या हालचालींवरून उपग्रहांना भूकंपाची चाहूल लागते’ (आयनांबर म्हणजे आयनोस्फिअर, वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर). वाचायला भारी वाटतं पण खटकलं, चाहूल कोणी यायच्या आधी लागते ना, मग भूकंप व्हायच्या आधीच कळतं असं म्हणायचंय का? आणि आयनांबर हा शब्द उत्तरायणातल्या अयनावरून आलाय का?

प्रतिसाद : खटकलं ते बरोबरच आहे. इथे ‘पडसाद’ हवा. भूकंपाने जमीन किंवा समुद्राचा पृष्ठभाग एकदम उचलला जातो, वरच्या हवेला धक्का बसतो, आणि वर हवा विरळ होत जाते म्हणून तो धक्का विझायच्या ऐवजी वाढत जातो, दहाएक मिनिटांत आयनांबरात पोचतो आणि तिथले इलेक्ट्रॉन हेलकावे खायला लागतात. ११ मार्च २०११ च्या जपानच्या भूकंपानंतर ही वलयं पसरताना जीपीएसच्या डेटात स्वच्छ दिसली होती. म्हणजे सगळं भूकंप होऊन गेल्यावरचं. आधी काही कळतं का ते बघायला फ्रान्सने २००४ मध्ये डेमेटर नावाचा उपग्रह खास सोडला होता, पण ज्याच्यावर भरवसा ठेवून लोकांना घराबाहेर काढावं असं अजून काही हाती लागलेलं नाही.

प्रतिसाद : पण सुनामीची चाहूल म्हणायला माझी हरकत नाही. जुलै २०२५ ला रशियात कामचाटकाजवळ ८.८ चा भूकंप झाला तेव्हा नासाच्या गार्डियन सिस्टिमने आयनांबरातल्या खुणा पकडल्या, आणि लाट हवाईला लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी ती येतीये हे त्यातून दिसत होतं. भूकंपाचा पडसाद, सुनामीची चाहूल, विषय संपला. ज्वालामुखीलाही पडसादच, टोंगाचा १५ जानेवारी २०२२ चा स्फोट घ्या, त्याची दाबलहर अख्ख्या पृथ्वीला फेरी मारून आली आणि आयनांबर कुठल्या कुठे हललं.

प्रतिसाद : ‘उपग्रहांना’ पण ढिसाळच आहे राव. जीपीएसचा उपग्रह बिचारा नुसता सिग्नल सोडतो. एकच उपग्रह दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी पाठवतो, वाटेत इलेक्ट्रॉन जास्त असले की दोघींना उशीर होतो पण सारखा नाही, तो फरक जमिनीवरचा रिसीव्हर मोजतो. म्हणून ‘उपग्रहाच्या सिग्नलवरून टिपतात’ म्हणावं. डेमेटरसारखे स्वतः तिथे जाऊन मोजणारे वेगळे.

अयनाचं राहिलंच. आयन म्हणजे आयॉन, विद्युतभारित कण; फॅरेडेने १८३४ मध्ये रूढ केलेला ग्रीक शब्द, अर्थ ‘जाणारा’. अयन संस्कृत ‘इ’ धातूवरून, त्याचाही अर्थ जाणे. दोन्हींचं मूळ मागे एकच आहे, पण आयनांबर आलंय ते ग्रीक आयनावरून, त्यामुळे पहिला आ दीर्घच.

मूळ प्रश्नकर्ता : मग वाक्य असं करतो, ‘भूकंपाचे पडसाद आयनांबरातही उमटतात आणि ते उपग्रहांच्या सिग्नलवरून टिपता येतात’. लांबलं, पण चालेल ना?

प्रतिसाद : पळेल. फक्त तो ‘ही’ काढ.