मदत हवी आहे: स्टुकाच्या डाइव्हमध्ये अल्टिमीटर दिसत नाही

मंडळी, इल-२ या विमान उडवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये युंकर्स ८७, म्हणजे स्टुका हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन बॉम्बर घेऊन डाइव्ह बॉम्बिंग (उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणं) शिकतेय. कोथरूडला घरी २४ इंची मॉनिटर आणि साधी जॉयस्टिक आहे, हेड ट्रॅकिंग (डोकं हलवलं की व्ह्यू हलवणारं यंत्र) नाही.

पायाशी असलेल्या काचेतून लक्ष्य असलेला पूल दिसला की वेग आवरणारे डाइव्ह ब्रेक उघडून नाक खाली घालते. बाजूच्या काचेवरच्या रेघा क्षितिजाशी जुळवून कोनही बरा साधतो. अडतं ते पुढे. झूम केलं की पूल स्वच्छ दिसतो, पण अल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) पडद्याबाहेर जातो. व्ह्यू मागे घेतला की डायल रुपयाएवढी होते आणि सुया वाचता येत नाहीत. मान खालीवर करण्यात दोन सेकंद जातात. ताशी ५४० किलोमीटर वेग म्हणजे तेवढ्यात ३०० मीटर गेलेच! शिवाय हा अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो, डाइव्हमध्ये काटा मागे पडतो. म्हणजे खरी उंची आणखी कमी. काल चार वेळा जमिनीत घुसले.

डोकं थोडं पुढे आणि खाली ठेवून तो व्ह्यू एका बटणावर सेव्ह करता येतो का? झूम किती ठेवता? पडद्यावरचे तयार आकडे नकोत, सुया वाचूनच शिकायचंय. पुण्यात कुणी उडवत असेल तर रविवारी येऊन सेटिंग बघायलाही तयार आहे.