अॅमस्ट्रॅड मेगा पीसी: संगणक दिसतो, खेळ दिसत नाही

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
मामांनी इंग्लंडहून आणलेला मेगा पीसी (संगणक आणि खेळयंत्र एकत्र असलेले यंत्र) मी नुकताच माळ्यावरून उतरवला. मूळचा मॉनिटर हाती नसल्यामुळे साधा व्हीजीए मॉनिटर जोडला असता डॉस ही संगणकाची जुनी कार्यप्रणाली व्यवस्थित दिसते. मात्र दर्शनी भागावरचे झाकण सरकवून कार्ट्रिज (खेळ साठवलेली डबी) लावली की पडदा काळा होतो आणि आवाज तेवढा ऐकू येतो. काय बिघडले असावे?

उत्तर १ (सातारा)
आवाज येतो आहे, म्हणजे खेळाची बाजू जिवंत आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. १९९३ सालच्या या यंत्रात २५ मेगाहर्ट्झचा ३८६एसएक्स प्रोसेसरचा संगणक आणि सेगा कंपनीचे मेगा ड्राइव्ह हे खेळयंत्र एकाच पेटीत नांदतात. संगणकाचे चित्र सुमारे ३१ किलोहर्ट्झने (म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ हजार आडव्या रेषांनी) येते, तर मेगा ड्राइव्हचे दूरचित्रवाणीसारखे सुमारे १५ किलोहर्ट्झने. मूळ मॉनिटर दोन्ही झेलत असे, बहुतेक व्हीजीए मॉनिटर १५ झेलत नाहीत. १५ चे ३१ करणारा स्कॅन कन्व्हर्टर मधे जोडावा.

उत्तर २ (मिरज)
वरील निदान पटते. फक्त पुन्हा वीज देण्याआधी पेटी उघडून मदरबोर्डावरची घड्याळाची बॅटरी अवश्य पाहा, कारण इतक्या वर्षांत ती पाझरून तांब्याच्या रेषा हिरव्या पडू लागतात.

प्रश्नकर्ता
बॅटरीपाशी हिरवट बुरशीसारखा थर खरोखरच आहे. यंत्र बंद ठेवले आहे. बॅटरी उद्याच काढून घेतो.